मोहखलच्या पडवीतला साइडबोर्ड

मोहखलमध्ये लग्न ठरलं, की मुलीचा बाप आधी भटाकडे जात नसे, गुणाबाईकडे जाई. मुहूर्त भटानं काढायचा, पण त्या दिवशी भांडी मोकळी आहेत की नाहीत, हे गुणाबाईशिवाय सांगणार कोण? दोन मांडव एकाच दिवशी पडायची वेळ आली तर एकाला सरकावं लागे. कोणी सरकायचं ते ती दारात उभ्या उभ्या, ओले हात पदराला पुसत, असं सांगे, जसा मामलेदारानं हुकूम वाचून दाखवावा.

भांडी तिची नव्हती, हे आधी सांगून टाकलेलं बरं. ती गावकीची. शहापूर तालुक्यात शेणव्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी मोहखल म्हणजे चाळीस उंबऱ्यांचं कुणब्यांचं गाव. खाली भात, वर माळावर नाचणी नि वरी. दोनशे पानांची पंगत स्वतःच्या भांड्यांत उठवेल असं घर एकही नाही. म्हणून कुणाचा बाप गेला की वर्षश्राद्धाला तो गावाला तांब्याचा टोप देई, कुणाला नवसानं पोर झालं की तो परात देई. असं करत तीन पिढ्यांत टोप, हंडे, पराती, कढया, पळ्या, झारे मिळून साठ-सत्तर नग जमले होते. ते सगळे गुणाबाईच्या माळ्यावर. आधी तिची सासू त्यांची राखणदार होती. सासू गेली त्या साली, म्हणजे एकोणीसशे तीसच्या सुमाराला, गावानं तो मान गुणाबाईला दिला.

मान म्हणायचं, पण त्यात कष्टच फार. भांडं लग्नाला जाताना लख्ख जायचं आणि येताना लख्खच यायचं. कुणी करपलेला भात न खरवडता टोप आणून टाकला, तर गुणाबाई तो डोक्यावर घेऊन त्या घरी जाई, चार माणसांत खाली ठेवी आणि म्हणे, "तुमचा भात राहिलाय यात. घ्या काढून." नवरदेवाच्या आईलाही तिनं सोडलं नव्हतं. वर्षाला कल्हईवाला आला की त्याच्या भट्टीशी दिवसभर बसायची ती. लग्नात सगळ्यात शेवटी जेवायची तीच, कारण शेवटची पळी धुऊन हातात येईपर्यंत राखणदारणीनं पान वाढून घ्यायचं नाही, असा सासूच्या वेळेपासूनचा दंडक.

भांड्यांवर देणाऱ्यांची नावं ठोकलेली असत, पण गुणाबाईला अक्षरओळख नव्हती. ती बोटाच्या पेरानं टोपाच्या काठावर टिचकी मारी आणि आवाजावरून सांगे, "हा नवशाच्या आज्याचा." आसनगावाहून गाडीनं कल्याणच्या कारखान्यात कामाला जाणारा वाल्मिक, तिच्या दिराचा मुलगा, जरा शिकलेला नि जरा चढेल. त्यानं एकदा पैज लावून तिच्या डोळ्यांवर उपरणं बांधलं. तिनं एकवीस भांडी ओळखली. बाविसावं वाजवून म्हणाली, "हे आपलं नाय. कोणाच्या घरचं आणून ठेवलंस रे?" आणि खरंच, ते वाल्मिकच्या आईचं होतं.

तर अशी ही गुणाबाई. पण तिच्या मनात एक सल होता, आणि तो तिनं नवरा नामा सोडून कुणाला सांगितला नव्हता.

मोहखलच्या वर, डोंगराच्या सोंडेवर ठाकरवाडी होती. तिथले लोक जंगलातून मध, डिंक, करवंदं आणत, गावात लावणीला येत. पण गावकीची भांडी त्यांना मिळत नसत. भांडी कोणाला द्यायची ते बारकू पाटील ठरवत, गुणाबाईनं नुसती काढून द्यायची. अडतीस सालच्या उन्हाळ्यात ठाकरवाडीची लहानी आपल्या धाकट्या बहिणीच्या, सावळीच्या लग्नासाठी दोन टोप मागायला आली होती. गुणाबाईनं पाटलांना विचारलं. पाटील म्हणाले, "आज टोप दिला तर उद्या पंगतीला येऊन बसतील. नाय म्हणून सांगा." नाही म्हणायला गुणाबाईची जीभ वळेना. ती लहानीला म्हणाली, "भांडी कल्हईला गेलीत गो." आणि वर माळ्यावर, उघड्या दारातून येणाऱ्या उन्हात, सगळ्या टोपांची बुडं चमकत होती. लहानीनं एकदा वर पाहिलं. करवंदांचा द्रोण ओट्यावर ठेवून गेली. सावळीच्या लग्नाचा भात मातीच्या मडक्यांत शिजला.

गुणाबाईला लाज वाटली. कधी कुणापुढं न वाकलेल्या बाईला त्या दिवशी स्वतःचीच घाण वाटली, असं ती नामाला म्हणाली होती.

मग आलं बेचाळीस साल. लढाईनं तांब्या-पितळेला सोन्याचा भाव आणला. मुरबाडकडच्या दोन गावांतून भांडी चोरीला गेल्याच्या बातम्या आल्या. त्याच वर्षी मोहखलनं देवळामागं पंगतीसाठी लांबलचक पडवी बांधली, कौलारू, शेणानं सारवलेली. गावाची जेवणखोलीच म्हणा ना. पडवी झाली तसं पाटील बैठकीत म्हणाले, "आता भांडी इथंच ठेवू. एक चांगलं कपाट घेऊ, त्याला कुलूप लावू. किल्ली माझ्याकडं राहील. म्हणजे गुणावयनींच्या डोक्याचा ताप गेला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गुणाबाई बायकांत बसली होती. आजवर निदान भांडी तिच्या घरात होती. पाटलांनी नाही म्हटलं तरी कधी ना कधी लहानीला चोरून एक टोप द्यायची हिंमत आपण करू, अशी आशा तिनं मनात ठेवली होती. किल्ली पाटलांच्या कमरेला गेली, की ती आशाही गेली. ठाकरवाडीला भांडं कायमचं बंद.

ती उभी राहिली. "कपाट कसलं घेताय ते मला बघू द्या. भांडी मी वापरलीत, तुमी नाय." यावर नाही कोण म्हणणार? कपाट बघायला पाटील, वाल्मिक, नामा आणि गुणाबाई, अशा चौघांनी जायचं ठरलं.

कपाटं तीन होती म्हणा. एक अजून झाडातच होतं. धोंडी सुतार म्हणाला, सागाचं लाकूड बघतो, करून देतो. पण धोंडीनं पाटलांच्या मुलीचा पाळणा करायला घेतला, तो तिच्या मुलाला उपयोगी पडला, हे गावाला माहीत होतं. दुसरं कल्याणच्या दुकानातलं, नवं कोरं. वाल्मिक त्याच्यावर लट्टू. माणसाहून उंच, दाराला आरसा, पॉलिश असं की हात लावायची भीती. गुणाबाईनं दुकानात जाऊन त्यावर बोटाचं पेर वाजवलं.

"पत्र्याचा डबा वाजतो तसं वाजतंय," ती म्हणाली. "आणि वरच्या फळीवरची परात काढायची तर बाईनं काय करायचं? दरवेळी बाप्याला हाक मारायची?"

"स्टूल ठेवू, काकी," वाल्मिक म्हणाला.

"भरला टोप हातात घेऊन स्टुलावरून तू उतरून दाव."

दुकानदार हसला, वाल्मिक नाही हसला. पाटलांचं लक्ष मात्र कपाटाच्या पितळी कुलपाकडं होतं. त्यांनी ते तीनदा उघडून लावून बघितलं.

तिसरं होतं शहापूरच्या बाहेर, माहुलीच्या वाटेवरच्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात. जपान्यांची भीती पसरली तसा साहेब बायकोसकट विलायतेला निघाला होता आणि घरचं सामान विकायला काढलं होतं. खानसाम्यानं चौघांना जेवणखोलीत नेलं. तिथं भिंतीला लागून एक काळंभोर, शिसवी, कमरेइतक्या उंचीचं लांब कपाट होतं. खाली दोन मोठे कप्पे, मध्ये तीन खण, वर सपाट फळी, आणि फळीच्या मागं कोरीव महिरप. महिरपीत वेलबुट्टी, दोन्ही बाजूंना छोटे खांब.

बारकू पाटलांनी दारातच वहाणा काढल्या. पागोटं सारखं केलं. पुढं होऊन त्या महिरपीसमोर हात जोडले, डोळे मिटले आणि मान लववली.

खानसामा म्हणाला, "पाटील, देव्हारा नाही तो. साइडबोर्ड आहे. साहेब त्यात दारूच्या बाटल्या आणि मटणाच्या ताटल्या ठेवतो."

नामानं उपरण्यात तोंड घालून खोकल्याचं सोंग केलं. वाल्मिक खिडकीबाहेर बघू लागला. पाटलांनी हात खाली घेतले, पण चेहरा असा झाला की तो कोणी बघू नये. त्या घटकेपासून त्या कपाटाशी त्यांचं जन्माचं वैर जुळलं.

गुणाबाईला मात्र हसायला सवड नव्हती. तिनं कमरेला खोचलेली दोरी काढली. मोठ्या, मधल्या आणि लहान टोपाच्या तोंडाचं माप तिनं गाठी मारून आणलं होतं, कड्यांसकट. खालच्या कप्प्यांत मधले टोप आरामात बसत होते. खणांत पळ्या, झारे, पत्रावळ्या मावत होत्या. दोन माणसांनी उचलायचे हंडे कुठल्याच कपाटात मावणार नव्हते, आणि ते चोरून न्यायला चोरालाही बैल लागला असता. मग तिनं फळीवर टिचकी मारली. आवाज खोल, भरलेला आला.

"किती जुनं असेल?" तिनं विचारलं.

"साहेबाच्या आज्याचं. आगगाडीच्या आधीचं," खानसामा म्हणाला. "वरच्या फळीवर भाताचं, रश्शाचं भांडं मांडायचं, आणि वाढणाऱ्यानं तिथून उचलून नेत राहायचं. वाकायला नको, चढायला नको."

गुणाबाई त्या फळीकडे बघत राहिली. वीस वर्षं तिनं भुईवर ठेवलेल्या टोपांतून वाकून वाढलेलं होतं, सगळ्या बायकांची कंबर त्यात गेली होती. आणि कुठल्या कोण माणसानं शंभर वर्षांपूर्वी हे बाईच्या कमरेच्या मापानं केलं होतं. तिला त्या सुताराचा आदर वाटला. तिनं खालचं दार उघडलं, तर कुलपाच्या जागी नुसतं भोक. दुसऱ्या दारालाही तसंच.

"याचं कुलूप?"

खानसाम्यानं आवाज खाली आणला. "मडमिणीनं एकदा बाटल्या आत कोंडल्या आणि किल्ल्या घेऊन पुण्याला गेली. साहेबानं पहार घालून दोन्ही कुलपं उखडली. तेव्हापासून ही लाकडी फिरकी आहे. फिरवली की उघडतं, फिरवली की बंद."

"बिनकुलपाचं कपाट काय कामाचं?" पाटील दारातून म्हणाले. वहाणा घालून ते केव्हाचे बाहेर जाऊन उभे होते.

गुणाबाईनं फिरकी एकदा उघडली, एकदा लावली. मग म्हणाली, "हेच घ्यायचं."

परतीच्या वाटेवर पाटील नि वाल्मिक पुढं निघाले. नामा तिच्याबरोबर चालता चालता हळूच म्हणाला, "कुलूप नाय म्हणूनच ना?" तीस वर्षांच्या संसारात नामानं तिला ओळखलं नसतं तरच नवल.

रविवारी देवळात बैठक बसली. दोन्ही कपाटांच्या किमती एकमेकींच्या जवळपासच होत्या, तेव्हा भांडण पैशाचं नव्हतं. पाटील आधीच सांगून मोकळे झाले, की ज्यात साहेबानं दारू नि मटण ठेवलं ते देवळामागं ठेवणं म्हणजे अधर्म.

"पाटील," गुणाबाई म्हणाली, "मागल्या लग्नात वराडाला सागुती घातली ती कुठल्या टोपात? याच ना? राखेनं नि चिंचेनं टोप शुद्ध होतो, तर लाकूड का नाय होणार? मी घासते. आणि देवासारखं वाटलं म्हणून तर तुमी पाया पडलात."

बैठक अशी हसली की देवळातली पारवी उडाली. पाटलांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण गडी कसलेला होता. म्हणाला, "ठीक. आणा ते. धोंडी त्याला नवं कुलूप बसवील. किल्ली माझ्याकडं."

आता खरा मुद्दा आला होता. गुणाबाई पुढं येऊन उभी राहिली. ती म्हणाली, "किल्ली ज्याच्याकडं, भांडी त्याच्याकडं. मग सगळंच त्याच्याकडं. पहाटे कोणाकडं मयत झालं तर उठून उघडायचं. करपलेला टोप आला तर घासून घ्यायचा, नाय घेतला तर स्वतः घासायचा. कल्हईवाल्याच्या धुरात दिवसभर बसायचं. आणि लग्नात सगळ्यांच्या मागून जेवायचं, शेवटची पळी धुऊन झाल्यावर. हे मी बारा वर्सं केलं, माझ्या सासूनं तीस वर्सं. पाटील, तुमी कराल?"

पाटील पंगतीत पहिलं पान स्वतःचं मांडून घेणारे. ते म्हणाले, "ते... ते तुमीच करायचं, वयनी. किल्ली फक्त माझ्याकडं."

"तसं नाय. किल्ली आणि राख एकाच हातात."

"मग ठेवा तुमच्याचकडं किल्ली."

सगळे तिच्याकडे बघू लागले. हातात आलेला मान होता तो, कायमचा, पाटलांच्या तोंडून. गुणाबाई म्हणाली, "मला नको. उद्या माझी सून राखणदार होईल, तिच्या मनात कोणाविषयी अढी असली तर ती किल्ली दडवील. मीही भांडी दडवली होती एकदा, किल्ली नसताना. कोणाकडंच नको. फिरकी हाय तेवढी पुरे. ज्याच्या घरी कार्य, त्यानं भांडी न्यायची, घासून जागेवर आणून ठेवायची."

"आणि चोर?" वाल्मिकनं विचारलं.

"देवळात रोज रात्री चार म्हातारे झोपतात. त्यांच्या उशाशीच, भिंतीपल्याड कपाट राहील. आणि तांब्याचा टोप वाजल्याशिवाय उचलता येत नाय, वाल्मिका. तुला ठावं हाय."

वाल्मिक हसला आणि म्हणाला, "काकी म्हणतात ते बरोबर हाय." मग धोंडी म्हणाला, मग आणखी कोणी. कुणाच्याच घरी किल्ली नाही, म्हणजे कुणाच्याच दारात जाऊन हात पसरायला नको, हे चाळीस घरांच्या हळूहळू ध्यानात आलं. पाटील शेवटी म्हणाले, "करा काय करायचं ते." मोहखलमध्ये यालाच ठराव पास झाला म्हणत.

साइडबोर्ड बैलगाडीतून आला. गुणाबाईनं बायका जमवून तो चिंचेच्या पाण्यानं पुसला, खोबरेलाचा हात दिला. माळ्यावरून नामा एकेक भांडं खाली देत होता आणि ती टिचकी मारून निरोप द्यावा तशी पुढं पाठवत होती. माळा रिकामा झाला तेव्हा तिला रडू आलं. ती रडलीही. नामानं तिला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटी सोंड चढून ठाकरवाडीत गेली. लहानीची मुलगी उजवायची होती, ते तिला माहीत होतं. लहानी अंगणात वरी कांडत होती. गुणाबाईनं तिला सरळ सांगितलं, "त्या साली भांडी कल्हईला गेली नव्हती. मी खोटं बोलले."

"बघितलं ना मी," लहानी म्हणाली आणि मुसळ थांबवलं. "पर तू खाली बघून बोलत व्हतीस. म्हून मला तुझा राग नाय आला."

गुणाबाईनं तिला नव्या पडवीचं, कपाटाचं, फिरकीचं सांगितलं. लहानी ऐकत राहिली. येईन म्हणाली नाही, नाही येणार असंही म्हणाली नाही.

पण वैशाखात, लग्नाच्या आदल्या सकाळी, लहानी दोन बायकांना घेऊन देवळामागं आली. गुणाबाई पडवी सारवत होती. पाटील पारावर बसले होते. लहानीनं साइडबोर्डची फिरकी फिरवली, दार उघडलं आणि टोप बाहेर ओढला.

पाटील उठून आले. "ए लहाने, कोणाला इचारलंस?"

लहानी भ्यायली होती, तिचा हात टोपाच्या कडीवर घट्ट आवळला गेला होता. तरी तिनं कपाटाच्या दाराकडं बघितलं आणि म्हणाली, "इचारायचं कोणाला पाटील? ह्याला धनी कुठं हाय?"

पाटलांनी गुणाबाईकडे पाहिलं, ती काही म्हणेल म्हणून. गुणाबाईनं शेणाचे हात बादलीत धुतले. बारा वर्षांत भांडं कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. आज कुणीच द्यायचं नव्हतं, लहानीनं नुसतं घ्यायचं होतं. गुणाबाईचा ऊर अभिमानानं भरून आला. गावकीचा मान मिळाला त्या दिवशीही तिला एवढं भरून आलं नव्हतं. तिनं पुढं होऊन टोपाची दुसरी कडी धरली.

ठाकरवाडीला जायला देवळामागून आडवाट होती, झाडीतून, कुणाच्या नजरेस न पडणारी. लहानी सवयीनं तिकडे वळली. गुणाबाईनं कडी आपल्याकडे ओढली आणि गावातून जाणारी वाट धरली. चाळीस घरांच्या अंगणांमधून, भर उन्हात, तो लख्ख टोप दोघींच्या मधे झुलत गेला. बायका दारांत आल्या. जनाबाईनं हातातलं सूप खाली ठेवून विचारलं, "कोणाचं लगीन गो गुणाबाय?"

"आपल्या लहानीच्या पोरीचं," गुणाबाई म्हणाली, चालता चालताच, सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्यानं.